मोठ्या अक्षरातलं हेरफर्डशायर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंचे. आईवडिलांचं ऋण वेगळं, ते मोजायचं नसतं. पण बाईंनी माझ्यासाठी जे केलं ते केलं नसतं, तरी त्यांना कोणी नावं ठेवली नसती.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. वडील दुसऱ्याचा टेम्पो चालवायचे. दहावीनंतर डिप्लोमा नावाचं काही असतं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. बाईंनी मला एसटीने नगरला नेलं, पॉलिटेक्निकच्या रांगेत माझ्याबरोबर उभ्या राहिल्या आणि खिडकीतल्या क्लार्कने "पालक कोण?" असं विचारल्यावर "मी मावशी" म्हणाल्या. परतताना एसटीत मला म्हणाल्या, "खोटं बोलले हे शाळेत सांगू नकोस. आणि आता मावशी व्हावंच लागणार, तेव्हा दर सहामाहीला मार्क आणून दाखवायचे." मी दाखवत राहिलो. डिप्लोमा झाला, मग डिग्री झाली. आमच्या भावकीत पदवी घेणारा मी पहिला.

बाईंचा भूगोल पुस्तकातल्या क्रमाने चालत नसे. त्यांचा एक नियम होता. कुठल्याही मुलखाचं वर्णन करायचं तर पाण्यापासून सुरुवात करायची. पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि वाटेत माणसं त्याचं काय करतात, एवढं सांगितलं की बाकीचं आपोआप सुचतं. स्वतः त्या महाराष्ट्राबाहेर फक्त एकदा गेल्या होत्या, हैदराबादला, चुलतबहिणीच्या लग्नाला. पण बाहेरगावी गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून त्या वर्णन वसूल करायच्या. कोणी दिल्लीहून लिहायचं, कोणी जहाजावरून. फोटो पाठवलेला त्यांना चालत नसे. "फोटोत सगळं एकदम येतं रे. तू काय बघितलंस ते त्यात कुठे असतं?"

मी सौदीत आलो तेव्हा त्यांना पहिलं वर्णन मी राहतो त्या हुफूफचं लिहिलं. खजुरांच्या बागा, त्यांच्या मुळाशी खेळवलेले पाण्याचे पाट, जुने झरे आटल्यावर शुद्ध करून सोडलेलं पाणी. उत्तर आलं, "छान. पण माणसं पाण्याचं काय करतात ते लिहिलंस, तू काय करतोस ते नाही." त्यावर मी पुढच्या पत्रात माझ्या प्लँटमधल्या पंपांबद्दल सविस्तर लिहिलं. त्यांना ते विचारायचं नव्हतं हे मला कळत होतं.

त्या वेळी सांगण्यासारखं फार काही नव्हतं असं मी म्हणत असे. बायको आणि मुलगी सोबत होत्या. घर भरलेलं होतं. मुलगी दहावी झाली आणि पुढच्या क्लासेससाठी दोघी नाशिकला परत गेल्या. आखातात अशा माणसाला फोर्स्ड बॅचलर म्हणतात. हसत हसत म्हणतात, कारण प्रत्येक इमारतीत असे चार-सहा असतातच. घरातले पडदे बायकोने लावले होते ते तसेच आहेत. मुलीशी रोज बोलतो. "कशी आहेस?" "फाइन, बाबा." "अभ्यास?" "गोइंग ऑन." मग ती फोन आईकडे देते. शुक्रवारी सुट्टी असते. सकाळी रस्ते रिकामे, दुकानं बंद. मी खजुरांच्या बागांमधून चालून येतो, भात लावतो, आणि दुपारची नमाज संपून दुकानं उघडायची वाट बघतो, विकत काही घ्यायचं नसतं तरी.

बाईंचे डोळे जायला लागल्याचं मला मागच्या वर्षी कळलं. उजव्या डोळ्याने मधलं दिसायचं बंद झालं होतं, आता डाव्यातही सुरू झालं होतं. कडेचं दिसतं, मधे धुरकट ठिपका. नगरच्या डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं दिली, पण काही महिन्यांत वाचन बंद होईल असं सांगून ठेवलं. बाई एकट्या राहतात. फोनवर आवाज नेहमीचाच होता. म्हणाल्या, "वाचण्यापुरतं आहे अजून. कोणी वाचून दाखवलेलं मला आवडत नाही, दुसऱ्याचा आवाज मधे येतो. कुठे जाणार असशील तर जा आणि लवकर लिही."

मी कुठे जाणार होतो? प्लँट आणि घर. पण त्याच सुमाराला ऑफिसातून निरोप आला की इंग्लंडला जायचं आहे.

आमच्याकडे नवा मोठा पंप घेतला की तो जहाजावर चढण्याआधी बनवणाऱ्याच्या कारखान्यात चालवून बघतात, आणि आमच्या कंपनीचा एक माणूस तिथे उभा राहून बघतो आणि सही करतो. या वेळी तो माणूस मी होतो. कारखाना होता हेरफर्ड नावाच्या गावाबाहेर, हेरफर्डशायर नावाच्या परगण्यात, वेल्सच्या सीमेला लागून.

समोरच्या फ्लॅटमध्ये नाशिकचा एक पाइपिंगवाला राहतो. तोही फोर्स्ड बॅचलर. आम्ही जेवण एकत्र करतो. मी बाईंना लांबलचक पत्रं लिहितो म्हणून तो मला मास्तर म्हणतो.

"काय राव मास्तर," तो म्हणाला, "लोक इंग्लंडला जातात म्हणजे लंडनला जातात. तुला कंपनी अशा ठिकाणी पाठवतेय जिथे इंग्रजसुद्धा जात नसतील."

"बघण्यासारखं असेल काहीतरी."

"मॅपवर बघितलं मी. गायी आहेत. गायी बघायला आपल्याला सिन्नरला जाता येतं."

बायकोनेही फोनवर तेच विचारलं. "लंडन किती लांब आहे तिथून? एक दिवस जाऊन ये ना. लोक विचारतात मला."

"काय विचारतात?"

"राजवाडा बघितला का म्हणून. मी काय सांगू, पंप बघितला?"

ऑक्टोबर होता. पहिल्याच चाचणीत पंपाचं पाणी अडवणारं एक सील गळायला लागलं. दुसरं यायला आठवडाभर लागणार होता. हुफूफहून साहेबांचा मेल आला, तिथेच थांब. मला आयुष्यात पहिल्यांदा असा आठवडा मिळाला ज्यात मला कुठेही असायचं नव्हतं आणि माझी कोणी वाट बघत नव्हतं.

मी एका म्हातारीच्या घरी उतरलो होतो. निवृत्त नर्स, नवरा वारलेला, वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायची. दुसऱ्या खोलीत कोणी नव्हतं. नाश्त्याला मी एकटा, समोर चार माणसांचं टेबल. तिला आधी मी विचारलं की इथे पाहुणे येतात का. ती म्हणाली, "येतात की. वेल्सला जाताना गाडीची खिडकी खाली करून बघतात." मग पाव भाजता भाजता म्हणाली, "तुम्ही मात्र अडकलायत, तेव्हा नीट बघा." त्या दिवसापासून रोज सकाळी ती मला कुठली बस, कुठे उतरायचं, परतीची शेवटची कधी, हे सांगायची. शेवटची बस बहुतेक ठिकाणी दुपारीच असे. "चुकली तर चालत या," असं ती नेहमी म्हणायची, आणि मला ती चेष्टा आहे की सूचना आहे ते कधीच कळलं नाही.

पहिल्या दिवशी मी गावातच राहिलो. वाय नदी गावाच्या कडेने जाते. जुना दगडी पूल आहे, खाली हंस, आणि पलीकडून कॅथेड्रलचा मनोरा दिसतो. नदीला कुंपण नाही, घाट नाही, कपडे धुणारं कोणी नाही. ती आपली वाहत असते. वाळवंटात नोकरी करणाऱ्या माणसाला एवढं पाणी कोणी न बघता चाललेलं बघून अपराध्यासारखं होतं. मी पुलावर बराच वेळ उभा राहिलो. एक बाई कुत्रं घेऊन गेली, गुड मॉर्निंग म्हणाली, आणि दिवसभरात माझ्याशी कोणी बोललं ते तेवढंच, असं वाटून मी कॅथेड्रलमध्ये शिरलो.

तिथे नकाशा आहे हे म्हातारीने सांगितलं होतं, पण असा असेल असं वाटलं नव्हतं. वासराच्या एकाच अख्ख्या कातड्यावर काढलेलं सातशे वर्षांपूर्वीचं सगळं जग, गोल, माणसाच्या उंचीपेक्षा थोडं कमी. अंधाऱ्या खोलीत काचेमागे ठेवलंय. शेजारच्या दालनात पुस्तकं साखळदंडांनी कपाटाला बांधलेली. नकाशाजवळ एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे होते, विनावेतन माहिती सांगणारे. खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी विचारलं, मी कुठून आलो.

"भारतातून. पण राहतो सौदी अरेबियात."

"मग तुम्हाला मान वर करावी लागेल," ते म्हणाले.

त्या नकाशात पूर्व वर आहे. वरच्या टोकाला स्वर्गातली बाग, तिच्या खाली भारत. मधोमध जेरुसलेम. आणि इंग्लंड खाली डावीकडे, कडेला चिमटून बसवलेलं, जागा पुरली नाही म्हणून वाकवलेलं. समुद्र विटलेले, काळपट. फक्त तांबडा समुद्र आणि त्याच्या शेजारचं आखात खरोखरच तांबड्या रंगाने भरलंय, दोन फाटे फुटलेल्या फांदीसारखं.

"तुम्ही या दोन फाट्यांच्या मधे कुठेतरी राहता," ते गृहस्थ म्हणाले.

"तिथे काय काढलंय?"

त्यांनी वाकून बघितलं. "फारसं काही नाही. काढणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि विचारायला कोणी भेटलं नसेल." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते खूश झाले. "सगळ्यात मोठी गंमत बघितलीत का? ही सोन्याची अक्षरं बघा. युरोपवर आफ्रिका लिहिलंय आणि आफ्रिकेवर युरोप. सातशे वर्षं कोणी दुरुस्त केलेलं नाही."

मी मोठ्याने हसलो. त्या खोलीत ते शोभलं नाही, पण मला बाई दिसल्या. पेपर तपासताना चष्मा कपाळावर सरकवलेल्या, लाल पेन हातात. तेव्हाच मी ठरवलं की हा अख्खा परगणा बाईंना लिहून कळवायचा. त्यांचे डोळे थांबायच्या आत.

मग मी रोज निघालो. किल्पेकला गेलो. मोठ्या रस्त्यावर बस सोडते, तिथून पुढे दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती असलेली अरुंद वाट. वाटेत माणूस नाही. एक ट्रॅक्टर आला तेव्हा मी झुडपात पाठ टेकवून उभा राहिलो आणि चालवणाऱ्याने एक बोट वर केलं. इथला नमस्कार तो. चर्च लहानसं, लाल दगडाचं, आणि छपराच्या खाली सगळीकडून दगडी मुंडकी बाहेर काढलेली. डुक्कर, मेंढा, राक्षस, आणि एक ससा आणि कुत्रा, गालाला गाल लावून बसलेले. काही आकृत्या अशा की बाईंना त्यांच्याबद्दल लिहिता येणार नाही. आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरही तशा आहेत, आणि शाळेची सहल गेली की बाई आम्हाला तिथून भराभर पुढे हाकायच्या.

वेब्ली नावाच्या खेड्यात सगळी घरं काळ्या लाकडाची आणि पांढऱ्या भिंतींची, थोडी एकमेकांवर कललेली. गोल्डन व्हॅलीत एका बागेत सफरचंदं झाडाखाली लाल-पिवळ्या ढिगांनी पडली होती. मला वाटलं सडली म्हणून टाकलीत. बागवालीने हसून एक हातात दिलं. मी चावलं आणि तोंड आवळलं. हिरड्याची आठवण झाली. ही खायची नसतात, यांची दारू करतात. मी पीत नाही म्हटल्यावर तिने दुसऱ्या झाडांच्या फळांचा रस दिला, आणि मी पेला संपवेपर्यंत शेजारी उभी राहून माझ्या मुलीबद्दल विचारलं. मी सांगत राहिलो. पेला कधीच संपला होता. तिला कामं होती. पण मला थांबता येत नव्हतं, आणि तिने थांबवलं नाही.

शेवटच्या दिवसांत लेडबरीला गेलो. गावाच्या मधोमध लाकडी खांबांवर उभी असलेली बाजाराची माडी आहे, खाली अजून भाजीवाले बसतात. तिथून टॅक्सी करून माल्व्हर्न डोंगरावर. डोंगरमाथा माणसांनी पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला, दोन हजार वर्षांपूर्वीचा किल्ला, आता नुसतं गवत आणि मेंढ्या. एका बाजूला हेरफर्डशायर, बागा, छोट्या टेकड्या आणि त्यांच्या मागे वेल्सचे निळे डोंगर. दुसऱ्या बाजूला सपाट मैदान. ढग पश्चिमेकडून येत होते. पाणी कुठून येतं ते समोर दिसत होतं.

तिथे मला राहवलं नाही. बाईंनी फोटो नको म्हटलं होतं, पण हे चालू असतानाच दाखवता येईल असं वाटलं. आम्हा आखाती लोकांना ही सवयच लागलेली असते. मूल रांगलं की व्हिडिओ कॉल, घराचा स्लॅब टाकला की व्हिडिओ कॉल, आजोबांना शेवटचं बघायचं तेही कधी कधी तसंच. मी बाईंच्या शेजारणीला लावला. तिची सून फोन घेऊन बाईंच्या ओट्यावर गेली. मी कॅमेरा डोंगराकडे फिरवला, मग माझ्याकडे.

"दिसतंय का बाई?"

"पांढरं दिसतंय. कडेला हिरवं आहे काहीतरी."

"हो, हिरवंच आहे. सगळीकडे."

"आणि मधे काय आहे?"

"मधे मी आहे, बाई."

वारा फोनमध्ये घुसत होता.

"असशील," त्या म्हणाल्या. "मधलं मला दिसत नाही आता."

सून म्हणाली, "काका, जवळ धरा ना," आणि बाई तिला म्हणाल्या, "जवळ धरून काही उपयोग नाही गं, त्याला उगाच थंडीत उभं करू नकोस." मग मला म्हणाल्या, "तू लिही. वर्तमानपत्राचे मथळे येतात मला वाचता, मान तिरकी करून. मथळ्याएवढं लिही. पुढच्या महिन्याचं मी सांगत नाही."

खाली उतरताना मी कोणाला दिसलो असतो तर त्याला वाटलं असतं की वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलंय. पण कोणीच नव्हतं.

सील आलं, पंप चालला, मी सही केली आणि हुफूफला परतलो. लंडन बघितलं नाही.

आल्या आल्या लिहायला बसलो. ऑफिसात जुन्या ड्रॉइंगचे मोठे कागद टाकून देतात, त्यांची पाठ कोरी असते. जाड काळा मार्कर घेतला आणि मथळ्याएवढ्या अक्षरात सुरुवात केली. पहिला कागद भरला तेव्हा मी अजून विमानातच होतो. दुसरा भरला तेव्हा म्हातारीच्या दारात. या हिशेबाने हेरफर्डशायर जमिनीवर पसरलं असतं तर बैठकीची खोली पुरली नसती, आणि बाईंना ते मान तिरकी करून, एकेक शब्द कडेने पकडून वाचायचं होतं.

म्हणून मी कापायला लागलो. आयुष्यभर मी बाईंना भरपूर लिहिलं होतं. मार्क मिळवणाऱ्या मुलासारखं, एकही मुद्दा सुटू नये म्हणून. आता एका कागदावर तीन-चार वाक्यं मावत होती. कॅथेड्रलचा मनोरा गेला, साखळदंडांची पुस्तकं गेली, कारखाना तर पहिल्या फटक्यातच गेला. संध्याकाळी प्लँटहून आलो की एक कागद लिहायचो, जमिनीवर ठेवून लांबून बघायचो आणि फाडायचो. नाशिकवाला जेवायला यायचा आणि कागदांच्या कडेकडेने स्वयंपाकघरात जायचा.

"मास्तर, हे पत्र आहे का वॉलपेपर?"

"बाईंना दिसलं पाहिजे."

त्याने एक कागद उचलला, हात लांब करून धरला, एक डोळा मिटला. "अक्षर चालेल. पण हे 'निसर्गरम्य' वगैरे कशाला? तेवढ्या जागेत दुसरं काही बसेल."

ते मी खोडलं. तो पाइपिंगवाला असला तरी बरोबर बोलला होता.

आमच्याकडे कोणी सुट्टीवर निघालं की बातमी आधी इमारतीत पसरते आणि मग दारावर लोक यायला लागतात, कोणी खजूर घेऊन, कोणी औषध, कोणी बाळाचे कपडे. माणूस आपल्या बॅगेत आपलं कमी आणि दुसऱ्यांचं जास्त घेऊन जातो. या वेळी नाशिकवालाच निघाला होता. मी कागदांची गुंडाळी ड्रॉइंगच्या नळीत घालून त्याच्याकडे दिली. कुरियर होतं, पण कुरियरवाला बाईंच्या हातात देऊन सही घेतो आणि जातो. मला कोणीतरी तिथे थांबायला हवं होतं. नाशिकहून आमचं गाव त्याच्या वाटेवर नाही.

"बायकोला सांगतो, पहिल्या आठवड्यात मास्तरच्या बाईंकडे जायचंय," तो म्हणाला. "दोन वर्षांनी घरी जातोय, राव. ती काय म्हणेल?"

"नको जाऊस मग. पोस्टाने टाक तिथून."

"आता नको कसं? नळी घेतलीय ना हातात." आणि त्याने ती विमानात वर ठेवायच्या सामानात घेतली, वाकू नये म्हणून.

तो चौथ्याच दिवशी गेला, बायकोला घेऊन. संध्याकाळी फोन आला.

"मास्तर, चप्पल काढायच्या आत बाईंनी विचारलं, अक्षर केवढं आहे. ओट्यावर ऊन होतं तिथे सगळे कागद ओळीने मांडायला लावले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून माझ्या बायकोकडून वाट्या मागवल्या आणि ठेवल्या त्यावर. मग चालत चालत वाचलं. मान अशी एका बाजूला. मी एका ठिकाणी शब्द सांगायला गेलो तर म्हणाल्या, परीक्षेत असं चालत नाही."

"सगळं वाचलं?"

"ऊन डोक्यावर आलं तेव्हा संपलं. शेवटच्या कागदापाशी परत गेल्या. मग आम्हाला पोहे केले, अंदाजानेच, पण चांगले झाले होते."

"काही म्हणाल्या का?"

"म्हणाल्या, युरोपवर आफ्रिका लिहिणाऱ्याला मी पास केलं नसतं. आणि तू जेवतोस का नीट, असं विचारलं. मी हो म्हटलं."

पुढच्या महिन्यात बाईंना मथळेही दिसेनासे झाले. त्यांनी स्वतः वाचलेलं ते शेवटचं. मी लिहिलं होतं ते असं.

ती. बाईंना सा. नमस्कार.

पाणी वेल्सच्या डोंगरांतून येतं. नदी वाय. सिमंड्स यॅट नावाच्या कड्यावर उभं राहिलं की तीच नदी डावीकडेही दिसते, उजवीकडेही. मधे जंगलाला मोठा विळखा घालून ती परत येते.

माती लाल. गायी लाल, तोंडं पांढरी. सफरचंदं तुरट, ती प्यायची असतात. माणसं वाटेत एक बोट वर करतात.

किल्पेकच्या चर्चच्या छपराखाली दगडाचा ससा आणि दगडाचा कुत्रा गाल लावून बसलेत. तिथे नक्की जा.

हेरफर्डला जगाचा जुना नकाशा आहे. युरोपवर आफ्रिका लिहिलंय. हेरफर्डचं स्वतःचं नाव जवळजवळ दिसतच नाही. येणाऱ्या प्रत्येकाने "आपण इथे" म्हणून त्यावर बोट ठेवलं. पुसून गेलं.

पेम्ब्रिजला चर्चची घंटा चर्चपासून वेगळी, स्वतःच्या लाकडी घरात आहे. आत जाड खांब, थोडा उजेड, बसायला जागा. मी आत बसलो. बाई, मी तिथे एकटा होतो. इथे हुफूफलाही एकटाच असतो. दोघी नाशिकला आहेत. प्लँटहून आल्यावर मी काही करत नाही. हे तुम्ही मागे विचारलं होतं.

त्या घंटेच्या घरात मला बरं वाटलं. का ते सांगता येत नाही.

उत्तर लिहू नका. फोनवर सांगा, मी लिहून घेईन.

तुमचा
विद्यार्थी